मी सगळ्यांनाच बोलतो

बापूराव लिमये यांच्या जिभेला हाड नव्हतं, आणि याचा त्यांना मनापासून अभिमान होता. टेलिफोन खात्यात असताना त्यांच्या बोलण्याला कंटाळून एका साहेबांनी स्वतःहून नागपूरला बदली मागून घेतली होती. निवृत्तीनंतर, पत्नी गेल्यावर, ते नारायण पेठ सोडून मुलीबरोबर वाघोलीच्या अलीकडे नव्या सोसायटीत राहायला आले, तेव्हा पेठेतल्या शेजाऱ्यांनी मोठा निरोप समारंभ केला. तो नेमका कशाच्या आनंदात केला, हे बापूरावांना अजूनही समजलेलं नाही.

मुलगी शेफाली जवळच्याच आयटी पार्कात नोकरीला होती. ती सकाळी बसने जायची आणि रात्री यायची. मधल्या वेळेत बापूरावांनी करायचं काय? त्यांना सभा सापडली. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये नागरिकांची सभा भरत असे. वॉर्डाचे नगरसेवक येत, लोक गाऱ्हाणी सांगत, नगरसेवक 'बघतो' म्हणत. मग शेवटी बापूराव उभे राहत. लोक खरं तर त्यासाठीच थांबलेले असत.

तेव्हाचे नगरसेवक होते हिंदुराव. सोसायटी ज्या शेतात उभी होती ते शेत हिंदुरावांचं, पलीकडच्या कंपनीखालचंही त्यांचंच. बापूरावांनी त्यांना पाच वर्षं सोलून काढलं. 'हिंदुरावांनी रस्ता खाल्ला, फुटपाथ खाल्ला, आता चेंबरची झाकणं राहिलीत ती तोंडी लावायला ठेवलीत,' असं ते भर सभेत म्हणाले होते आणि सगळ्यात मोठ्यांदा हसले होते ते हिंदुराव.

पुढच्या निवडणुकीत वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. हिंदुरावांनी रिवाजाप्रमाणे पत्नीला, आनंदीबाईंना, उभं केलं. आणि आनंदीबाई पडल्या. निवडून आली प्रियदर्शनी इंगोले नावाची अकोल्याकडची एक इंजिनियर बाई. सात-आठ वर्षांपूर्वी ती नोकरीसाठी इथे आली होती, पाण्याच्या टँकरवरून भांडता भांडता पुढारी झाली, आणि भाड्याच्या फ्लॅटांत राहणाऱ्या सगळ्या पोरापोरींनी तिला मतं दिली. गावाला हा धक्का पचला नाही. बापूरावांना तसं काही वाटलं नाही. त्यांना फक्त नवीन गिऱ्हाईक मिळालं.

आणि तक्रार खरी होती, हे आधीच सांगितलेलं बरं. इंटरनेटची केबल टाकायला कोणीतरी रस्ता खणला आणि खणताना रस्त्यावरच्या दिव्यांची केबल तोडली. इंटरनेट आलं, दिवे गेले. महिने लोटले तरी सोसायटीसमोर काळोखच. तळमजल्यावरचे एक गृहस्थ भाजी घेऊन येताना खड्ड्यात पडले आणि हाताला प्लास्टर घालून बसले. बापूरावांनी सभेत तीनदा दिव्यांचा विषय काढला. प्रियदर्शनी दर वेळी म्हणाली की पाठपुरावा करून राहिले. हे तिचं 'करून राहिले' बापूरावांना फारच आवडलं. "बाई करून राहिल्या आहेत," ते लोकांकडे वळून म्हणाले, "आमच्याकडे करून झालं की सांगतात." लोक खूश. त्यानंतर ते तिच्या वऱ्हाडी हेलाची हुबेहूब नक्कलच करू लागले. सोसायटीतली लहान मुलंही करू लागली.

चौथ्या सभेत मात्र कहर झाला. सभा सुरू असतानाच वीज गेली. पार्किंग काळंकुट्ट. कोणीतरी टॉर्च आणायला धावलं. माइकही बंद पडलेला, पण बापूरावांना माइकची गरज कधी होती? अंधारातून त्यांचा खणखणीत आवाज आला.

"बाई, जरा हसा तरी. म्हणजे तुम्ही कुठे उभ्या आहात ते आम्हाला कळेल."

प्रियदर्शनी वर्णाने काळी होती. चांगली काळी. अख्खं पार्किंग हसलं. शिट्ट्या वाजल्या. वीज आली तेव्हा प्रियदर्शनी होती तिथेच उभी होती आणि हसत नव्हती. तिने पुढच्या माणसाला त्याची तक्रार विचारली, ती ऐकून घेतली आणि सभा संपवून निघून गेली.

बापूराव घरी आले ते मैदान मारून आल्याच्या थाटात. शेफालीने ताटं घेतली. आमटी वाढली. मग म्हणाली की बाबा, आज तुम्ही जे बोललात ते रेसिस्ट होतं.

बापूरावांचा घास हातातच राहिला. त्यांना पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही म्हटलं होतं, पण ही शिवी नवीन होती आणि परदेशी बनावटीची होती. ते म्हणाले की वंशद्वेष हा गोऱ्या लोकांचा रोग आहे, आपल्याकडे तो नसतोच, आपण सगळे एकाच मातीचे, आणि शिवाय आपण दिव्यांबद्दल बोलत होतो.

शेफाली दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी इंग्लंडला राहून आली होती. तिथे कचेरीतला एक जण तिच्या बोलण्याची नक्कल करायचा. सगळे हसायचे. मीटिंगमध्ये तिने चूक दाखवली तरी तो आधी तिचे उच्चार दाखवायचा. तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा बापूरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्या माणसाला ते पुण्याहून शुद्ध मराठीत जे काही म्हणाले, ते ऐकायला तो बिचारा हजर नव्हता. शेफालीने आता त्या फोनची आठवण करून दिली.

"तो गोरा होता," बापूराव म्हणाले.

"आणि तुम्ही?"

याला उत्तर म्हणून बापूरावांनी भात मागितला. पण शेफाली त्यांचीच मुलगी. तिने विषय सोडला नाही. हिंदुरावांना तुम्ही असं कधी बोललात का, तिने विचारलं. असं म्हणजे याहून वाईट, बापूराव गरजले, मी सगळ्यांनाच बोलतो, माझ्याकडे दुजाभाव नाही! मग हिंदुरावांनाच विचारा, शेफाली म्हणाली. त्यांनी सांगितलं की तुम्ही त्यांनाही असंच बोलत होतात, तर पुढच्या सभेत मी उभी राहून तुमची माफी मागेन. नाहीतर तुम्ही त्या बाईंची मागायची.

बापूरावांना रात्रभर छान झोप लागली. साक्षीदार भक्कम होता. पाच वर्षं मार खाल्लेला माणूस मार कसा विसरेल?

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण ते दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

हिंदुरावांच्या बंगल्याला फाटकावर दोन सिंह होते आणि आत पोर्चमध्ये तीन गाड्या. स्वतः हिंदुराव झोपाळ्यावर बसून कणसं खात होते. त्यांनी बापूरावांना पाहिलं मात्र, उठून मिठीच मारली. आनंदीबाईंनी आणखी कणसं आणली, मीठ-लिंबू लावून. बापूराव नेहमीच्या खुर्चीत बसले. पाच वर्षं सभेत शिव्या घालून झाल्या की ते इथेच येऊन बसत, त्यामुळे खुर्ची ओळखीची होती. त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला. आपण हिंदुरावांना जे जे बोललो होतो ते आठवतं का?

हिंदुरावांना सगळं पाठ होतं. रस्ता खाल्ला, फुटपाथ खाल्ला, झाकणं तोंडी लावली. 'हिंदुरावांचं पोट म्हणजे महापालिकेचं गोदाम.' 'हिंदुराव वाकून पाया पडत नाहीत, कारण वाकले तर उठवायला जेसीबी लागेल.' एकेक आठवून ते स्वतःच्या मांडीवर थाप मारत होते.

"पोट!" बापूरावांना हवं ते सापडलं. "म्हणजे मी तुमच्या शरीरावरूनही बोललो. बघा वहिनी, मी सगळ्यांनाच बोलतो."

आनंदीबाई कणसाची सालं गोळा करत होत्या. निवडणुकीत पडल्या तरी त्यांचा कुणावर राग दिसत नव्हता. उलट रोज कचेरीत जावं लागत नाही म्हणून त्या सुखात होत्या.

"पोट ह्यांनी खाऊन खाऊन केलंय, भावजी," त्या म्हणाल्या. "त्या बाईनं रंग काय खाऊन केलाय व्हय?"

बापूराव यावर काही बोलणार, तेवढ्यात हिंदुरावांनी बायकोला आत पिटाळलं आणि स्वतःसाठी एक खुर्ची पुढे ओढली. ते फार खुशीत होते. बापूराव, तसल्या गोष्टी मनावर घेऊ नका, असं ते म्हणाले. तुमचं कालचं वाक्य आमच्या पोरांनी डोक्यावर घेतलंय. सकाळपासून मोबाइलवर फिरतंय.

"बापूराव, आमाला बोलायचं हाय तेच तुमी बोलता," हिंदुराव आवाज खाली आणून म्हणाले. "पर आमी बोललो की लोक म्हंत्यात गावंढळ हायत, परमुलखातल्या बाईवर जळत्यात. तुमी बोलला की म्हंत्यात अभ्यासू हाय. काळी बेंद्री आमच्या डोक्यावर आणून बसवली पोरांनी. तुमीच आता तिला उतरवा."

बापूरावांच्या हातातलं कणीस गार झालं. आपण दिव्यांबद्दल बोलत होतो, असं ते म्हणाले. हिंदुराव डोळा मारून म्हणाले की व्हय व्हय, दिव्यांबद्दलच. माझी तक्रार तात्त्विक आहे, असंही बापूराव म्हणाले. हिंदुराव म्हणाले की तत्त्वाचंच म्हणतोय मी, आणि पोरांनी फ्लेक्स करायला टाकलाय तत्त्वाचाच. बापूरावांनी फ्लेक्सला स्पष्ट नकार दिला, दोनदा दिला. हिंदुरावांनी तो विनय समजून पाठीवर थाप मारली. थोर माणसं अशीच बोलतात, एवढं त्यांना राजकारणात राहून माहीत झालं होतं.

फ्लेक्स दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात लागला.

आता बापूरावांचं आणि फ्लेक्सचं वैर सांगायला हवं. हिंदुराव नगरसेवक असताना चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागायचे. ज्याचा वाढदिवस त्याचा फोटो मोठा, गळ्यात साखळदंड आणि हातात मोबाइल, खाली शुभेच्छुकांची मुंडकी ओळीने. बापूरावांनी यावर जेवढी टीका केली तेवढी परचक्रावर कोणी केली नसेल. आणि आता त्या चौकात, बारा फूट उंच, स्वतः बापूराव. प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनाचा फोटो कोणीतरी पैदा केला होता. झेंड्याला हात जोडलेले बापूराव आता चौकातल्या रिक्षांना हात जोडून उभे होते. पोरांनी संगणकावर त्यांना गोरंही करून ठेवलं होतं, चांगलं चार-पाच छटा गोरं. डोक्यावर 'परखड, निर्भीड, अभ्यासू'. छातीवर ते वाक्य, लाल अक्षरांत. खाली शुभेच्छुकांची मुंडकी.

बापूराव दूध आणायला निघाले होते. ते बिनदुधाचेच परतले. जिन्यात एका पोराने त्यांना पाहून 'काका, हसा' म्हटलं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई, ज्या त्यांच्याशी कधी बोलत नसत, थांबून म्हणाल्या की बरं झालं तुम्ही बोललात, असली माणसं फार वाढलीत इकडे. असली म्हणजे कसली, असं बापूरावांनी विचारलं नाही. त्यांना उत्तर नको होतं.

घरात शेफाली ऑफिसला निघत होती. तिने खिडकीतून फ्लेक्स पाहिला होता. ती त्यांना टोचून काही बोलली नाही, हे फार वाईट झालं. बापूरावांनी आपण होऊन सांगितलं की हिंदुरावांकडे जाऊन आलो. काय म्हणाले, तिने विचारलं. ते माझ्या बाजूने आहेत, बापूराव म्हणाले, आणि खुर्चीत बसले.

पण स्वस्थ बसतील तर ते बापूराव कसले! विनापरवाना फ्लेक्स हा गुन्हा आहे आणि गुन्ह्याची तक्रार झालीच पाहिजे. त्यांनी क्षेत्रीय कार्यालयाला फोन लावला. तिथल्या माणसाने फार सौजन्याने सांगितलं की फ्लेक्स उतरवायची गाडी नगरसेवकांकडून मागणी आली की लगेच निघते, तेव्हा तुम्ही तुमच्या वॉर्डाच्या संपर्क कार्यालयात जाऊन तक्रार द्या. बापूरावांनी फोन ठेवला. खात्यात पस्तीस वर्षं काढून फोनवर त्यांना एवढं वाईट काही कधी ऐकायला मिळालं नव्हतं.

संपर्क कार्यालय म्हणजे किराणा दुकानाशेजारचा एक गाळा. प्रियदर्शनी एका साध्या टेबलामागे बसली होती. चष्मा डोक्यावर, समोर डबा उघडा, एका हाताने पोळी आणि दुसऱ्या हाताने फोन. बापूराव तिला पहिल्यांदाच दिवसाउजेडी जवळून बघत होते. सभेत ती लांब उभी असे, आणि तिच्या कार्यालयात ते कधी आले नव्हते. हिंदुरावांच्या झोपाळ्यासमोर पाच वर्षं बसले, पण इथे यावं असं मनातही आलं नव्हतं. का आलं नव्हतं, हे त्यांनी स्वतःला दारातच विचारलं, आणि उत्तर मिळायच्या आत तिने त्यांना पाहिलं.

ती उठली. बसा काका, म्हणाली. डबा झाकून बाजूला सरकवला.

"तक्रार आहे," बापूराव म्हणाले. "चौकात एक विनापरवाना फ्लेक्स लागलाय. तो ताबडतोब उतरवावा."

प्रियदर्शनीने कागद पुढे ओढला. कोणत्या चौकात, तिने विचारलं. त्यांनी सांगितलं. कोणाचा फोटो आहे? बापूरावांनी घसा खाकरला. "तक्रारदाराचा." तिने तसं लिहून घेतलं. चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

"मजकूर काय आहे?"

बापूराव खिडकीबाहेर बघू लागले.

"काका, मजकूर लागतो. नुसता परवान्याचा प्रश्न असेल तर गाडी चार दिवसांनी येते. आक्षेपार्ह मजकूर असला की आजच येते."

"आक्षेपार्ह आहे."

"हो, पण काय आहे? सांगा ना. सभेत तर एवढ्या लोकांसमोर म्हणाले तुम्ही. इथं मी एकटीच आहे."

बापूरावांनी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं, सगळंच्या सगळं. अंधारात ते किती सहज निघालं होतं. आता समोर ती बसली होती, खिडकीतून ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं, गालावर पोळीचा एक कण होता, आणि ती पेन धरून वाट बघत होती. शेफालीएवढीच असेल. चार-दोन वर्षांनी मोठी. ज्या जिभेने साहेबांची बदली करवली ती जीभ टाळूला चिकटली. बापूरावांना लाज वाटली. साधी, लहानपणी वाटायची तशी लाज, कान गरम करणारी. त्यांनी तोंड मिटलं.

"मला म्हणता येत नाही," ते म्हणाले.

"मग आक्षेप कोणाचा लिहू? माझा?"

"माझा लिहा."

तिने तसं लिहिलं, आणि कागद सहीसाठी त्यांच्यापुढे केला. बापूरावांनी सही केली. तिने फ्लेक्स उतरवायच्या गाडीसाठी फोन लावला, दोन वाक्यांत काम सांगितलं आणि ठेवला. काम झालं होतं. पण बापूराव उठेनात.

"दिव्यांचं मात्र मी मागे घेणार नाही," ते शेवटी म्हणाले. आवाज नेहमीसारखा लागला नाही. "दिवे खरंच बंद आहेत. एक माणूस हात मोडून घरात बसलाय. त्यात माझं काही चुकलं नाही."

प्रियदर्शनीने पेन खाली ठेवलं.

"हात मोडला? कधी?"

"तिसऱ्या सभेच्या आधी. मी सांगितलं होतं."

"सांगितलं असेल काका," ती हळूच म्हणाली. "तुम्ही माझी नक्कल करायला लागले तेव्हापासून मी ऐकणंच सोडलं. इथं आल्यापासून अशी माणसं खूप बघितली न मी. कोणती शिवी कामाची, कोणती बोलण्याची, कोणती कातडीची, रोज कोण निवडत बसणार? सगळी एकाच पोत्यात टाकून देते. सोपं पडते. तुम्ही सगळ्यांना हसवलं की मी वहीत मान घालून बसायची, अन् तोंडानं नुसतं 'पाठपुरावा' म्हणायची. मला दिव्यांचं ऐकूच नाही आलं."

आपल्या बोलण्याने भलेभले ताळ्यावर येतात, अशी बापूरावांची आयुष्यभराची समजूत. आणि इथे चार महिने एक रस्ता अंधारात राहिला होता, एक हात मोडला होता, आणि त्यात वाटा होता त्यांच्याच हशांचा. हिची चूक होतीच. नगरसेविकेने ऐकायलाच पाहिजे होतं, आणि हे ते तिला केव्हातरी सांगणार होते. पण ते आज सांगायला तोंड नव्हतं.

प्रियदर्शनीने त्या मोडलेल्या हाताच्या गृहस्थांचा फ्लॅट विचारला. बापूरावांनी सांगितला. संध्याकाळी जाऊन येते, ती म्हणाली. मग डबा पुन्हा पुढे ओढला, आणि बाहेरचा माणूस समोर असताना कसं खावं म्हणून तशीच थांबली. ते पाहून बापूराव उठले. दारापर्यंत गेले आणि तिथून वळले.

"पुढच्या सभेत मला पहिल्यांदा बोलू द्या," ते म्हणाले. "दोनच वाक्यं आहेत."

"दिव्यांची?"

"एक दिव्यांचं."

दुसरं कशाचं, ते तिने विचारलं नाही. तिने वहीत त्यांचं नाव सगळ्यात वर लिहिलं, आणि बापूराव चौकाकडून न जाता मागच्या रस्त्याने घरी गेले.